शहाबादी फरशीतला नेचा आणि वाळवणावरचा दगड : हे जीवाश्म आहेत का?

सोनचाफा
नमस्कार मंडळी. माहेरी सोलापूरला आले आहे. जुनं घर विकायचं घाटतंय म्हणून आवराआवर चालू आहे. काल माजघरातलं लोखंडी कपाट हलवलं तर खालच्या शहाबादी फरशीवर काळ्या रंगात नेच्याची पानं उमटलेली दिसली. अगदी कोणी टाक घेऊन काढावीत तशी बारीक. इतकी वर्षं या खोलीत वावरले, पण कपाटाखालचं कोण बघतंय! घासून जात नाहीत, पितांबरीने प्रयत्न केला. फोटो १ आणि २ बघा.

फोटो ३ वेगळ्याच वस्तूचा आहे. हा दगड लहानपणापासून घरात आहे. मोठ्या बटाट्याएवढा, लांबट, एका टोकाला निमुळता, मध्ये दोरी आवळल्यासारखा करकोचा. रंग विटकरी-करडा, आकाराच्या मानाने जड. वाळवणाची साडी वाऱ्याने उडू नये म्हणून आई गच्चीत चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवते, त्यातला हा एक. वेगळा दिसतो म्हणून सोबत टाकला, बाकी काही नाही.

फरशीवरचे हे जीवाश्म आहेत का? असतील तर फरशी काढून नेऊ का? घर घेणाऱ्याला अजून बोलले नाहीये.

टग्या_सातारकर
पहिला! घर विका, फरशी ठेवा. नाहीतर फरशी विका, घर फुकट द्या.

सुगरणबाई
कुरडया की पापड?

सोनचाफा
सुगरणबाई, गव्हाच्या कुरडया. चिकाचा फोटो हवाय का पुढच्या वेळी? :D

कातळवेडी
सोनचाफा, आधी वाईट बातमी. फरशीवर नेचा नाही. त्याला डेंड्राइट म्हणतात. दगडाच्या थरांमधल्या बारीक फटीत मँगनीजची क्षारं असलेलं पाणी झिरपतं आणि त्याचं काळं ऑक्साइड फांद्या फुटत फुटत पसरतं. थंडीत काचेवर बर्फाची नक्षी धरते तसलाच प्रकार. जीव नावाची गोष्ट त्यात कधीच नव्हती.

ओळखायचं कसं? खऱ्या नेच्याला मधली शीर असते, पानाला ठरावीक कड असते, दोन्ही बाजूंची पानं मापात असतात. डेंड्राइटला ना शीर ना कड. नुसत्या फांद्यांना फांद्या, झाडूसारख्या. आणि फरशीच्या कडेकडे बघा. ही नक्षी बहुतेकदा एखाद्या चिरेपासून सुरू होते आणि आत पसरते, कारण पाणी तिथून शिरलेलं असतं. पान चिरेतून उगवत नाही.

दुसरं म्हणजे दगडाचं वय. शहाबादी म्हणजे भीमेच्या खोऱ्यातला चुनखडक. कितीही कमी धरलं तरी ५० कोटी वर्षांहून जुना. तेव्हा जमिनीवर झाडं नव्हतीच, नेचे तर फार नंतरचे. तेव्हा फरशीत नेचा दिसला तर फरशी खोटी किंवा नेचा खोटा. फरशी तर सोलापुरात घरोघरी आहे.

बापू_नगरकर
कातळवेडी, तुमचा अभ्यास मान्य, पण प्रत्येक वेळी "हे खनिज आहे" म्हणून उडवून लावायची सवय बरी नव्हे. फोटो २ मध्ये स्पष्ट पान दिसतंय. माझ्या मेहुण्यांच्या बंगल्यात अशीच फरशी आहे, गवंड्याने मुद्दाम दर्शनी भागात बसवली. त्याला चाळीस वर्षांचा अनुभव. तो सांगतो ही झाडंच आहेत, दगड बनताना अडकलेली.

कातळवेडी
बापू, गवंड्याचा दगड बसवण्याचा अनुभव चाळीस वर्षांचा, दगड बनण्याचा नाही ना. वाद नको. सोनचाफा, एक करा. नक्षीला फांद्या फुटतात तिथे टॉर्च तिरपा मारून बघा. पानाचा ठसा असेल तर थोडा तरी उंचसखलपणा लागेल. डेंड्राइट म्हणजे नुसता रंग, सपाट. आणि चिरेचं बघाच.

सोनचाफा
बघितलं. सपाट आहे. फरशीच्या डाव्या कडेला केसासारखी चीर आहे आणि सगळी 'झाडं' तिथूनच निघालीयत, रांगेत, कुंपणावर वेल चढवावा तशी. बापू, सॉरी.

वाईट वाटलं थोडं. पण सुंदर आहे हो ते.

बापू_नगरकर
सुंदर आहे ना, मग झालं. मी मेहुण्यांना सांगणार नाही.

भटका_बोका
धागा वाचून माझाही एक जुना प्रश्न. सह्याद्रीत ट्रेक करताना कातळात बोटभर जाडीच्या उभ्या नळ्या दिसतात, काहींत पांढरं भरलेलं असतं. आमच्या ग्रुपमधले एकजण दर वेळी नव्या पोरांना "हे अळ्यांचे जीवाश्म" म्हणून सांगतात. आणि घाटात रस्ता फोडलाय तिथे मोठाले गोल दगड, कांद्यासारखे पापुद्रे निघणारे. ती डायनासोरची अंडी. हेही तेच सांगतात.

कातळवेडी
त्यांना माझा दंडवत कळवा.

सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. वितळलेल्या दगडात अळी राहत नाही. लाव्हा थिजत असताना वायूचे बुडबुडे वर चढत जातात आणि थराच्या तळाशी नळ्या तयार होतात. नीट पाहिलंत तर बऱ्याचशा एकाच दिशेला कललेल्या असतात, लाव्हा वाहत होता त्या दिशेला. आतलं पांढरं म्हणजे नंतर पाण्याने भरलेलं खनिज, झिओलाइट वगैरे. 'अंडी' म्हणजे बसाल्टचा, म्हणजे याच काळ्या दगडाचा, चिरांनी तुकडे पडलेला भाग. कोपरे आधी कुजतात, मधला गाभा गोल उरतो, पापुद्रे सुटतात.

पण महाराष्ट्रात जीवाश्म नाहीतच असं समजू नका. एक लाव्हा थंड होऊन दुसरा येईपर्यंत मध्ये बराच काळ जायचा. त्या काळात तळी साचायची, गाळ बसायचा. लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या त्या गाळात गोगलगायी, बिया, लाकूड सगळं सापडतं. मुंबईत वरळीला अशाच गाळात बेडूक सापडले आणि १८४७ साली रिचर्ड ओवेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने त्यांचं वर्णन केलं. वरळीचे मूळ रहिवासी कोण यावर उगाच भांडतात लोक.

टग्या_सातारकर
वरळीत वन रूम किचन मिळालेले शेवटचे ते.

चाफळची_आजी
मुलांनो, विषय निघालाच आहे तर विचारते. आमच्या देवघरात सासूबाईंच्या सासऱ्यांपासूनचा शाळीग्राम आहे. नातू म्हणतो, आजी ही गोगलगाय आहे. खरं का?

भुजकर
आजी नमस्कार. नातू जवळपास बरोबर आहे. गोगलगाय नव्हे, तिच्या दूरच्या नात्यातला प्राणी, अमोनाइट. आताच्या माकुळ-नळ या समुद्री प्राण्यांच्या खानदानातला, पण शंखात राहणारा. हिमालय व्हायच्या आधी तिथे टेथिस समुद्र होता. त्याच्या तळच्या चिखलात हे गाडले गेले. तो चिखल आज नेपाळात मुक्तिनाथच्या परिसरात वर आलाय आणि गंडकी त्यातले गोटे वाहून आणते. तुमच्या शाळीग्रामावरचं चक्र म्हणजे त्या शंखाचा वेढा. ज्युरासिक काळातला आहे तो. तुमच्या घरातली सगळ्यात जुनी वस्तू.

मला मौज वाटते ती परंपरेतल्या गोष्टीची. वज्रकीट नावाचा किडा दगड कोरून आत चक्र काढतो, असं आपल्याकडे सांगतात. म्हणजे 'हा आकार कुण्या जिवाने केला' एवढं लोकांनी फार पूर्वी ताडलं होतं. फक्त त्या जिवाने दगड कोरला नाही, दगडच त्याच्या भोवती जमला.

चाफळची_आजी
असो. पूजा चालू ठेवायला हरकत नाही ना?

भुजकर
काहीच नाही आजी. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात पाडल्या गावाचे लोक शेतातले गोल दगड कुलदैवत म्हणून पूजत होते, काकड भैरव. २०२३ च्या शेवटी तज्ज्ञांनी पाहिलं तर ती खरोखरच डायनासोरची अंडी. तेव्हा भटका_बोका, तुमच्या ग्रुपमधल्या काकांना अगदीच मोडीत काढू नका. फक्त त्यांना घाटातून उचलून नर्मदेच्या खोऱ्यात सोडा.

भटका_बोका
सोडतोच. एकेरी तिकीट काढून.

नीलाक्ष
तज्ज्ञही फसतात बरं का. २०२१ साली मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या एका गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया नावाच्या जीवाचा जीवाश्म सापडल्याचा शोधनिबंध आला. ५५ कोटी वर्षांपूर्वीचा, पृथ्वीवरच्या अगदी सुरुवातीच्या प्राण्यांपैकी. जगभर बातम्या झाल्या, इथेही कुणीतरी धागा काढला होता. २०२३ मध्ये दुसऱ्या गटाने जाऊन पुन्हा पाहिलं तर ती आग्या मोहोळाची खूण निघाली. पोळं पडून गेलं, छताला चिकटलेला भाग उरला. मूळ निबंधवाल्यांनी चूक मान्य केली हे मला आवडलं.

आपल्या रानातल्या कुणी मध काढणाऱ्याला छताकडे बोट दाखवून विचारलं असतं तर त्याने बहुतेक तिथल्या तिथे सांगितलं असतं.

बापू_नगरकर
हेच तर मी म्हणत होतो गवंड्याबद्दल!

कातळवेडी
बापू __/\__

सोनचाफा
नीलाक्ष, भारीच. धागा कुठून कुठे गेला! मला ते 'ठसे' प्रकरण अजून कळलं नाही. प्राणी नाही, नुसता त्याचा माग दगडात उरला असेल तर तो प्राण्याचा हे कसं ठरवतात?

भुजकर
हा माझा आवडता विषय, त्यामुळे लांबेल.

कच्छमध्ये आमच्याकडे वाळूच्या दगडात इंग्रजी यू अक्षरासारखी बिळं दिसतात. दोन नळ्या आणि मधल्या जागेत एकात एक बसलेल्या कमानी. त्या कमानी हीच गंमत. प्राणी बीळ सरकवत गेला, प्रत्येक वेळी आधीच्या बिळाचा तळ मागे टाकत गेला, त्या प्रत्येक तळाची एकेक रेघ. चीर पडून किंवा पाणी झिरपून अशी शिस्त येत नाही. बीळ कुणाचं हे बहुतेक वेळा सांगता येत नाही, म्हणून नाव प्राण्याला नसतंच, खुणेला असतं. एकच खेकडा बसला, चालला, खणायला लागला तर तीन खुणा, तीन नावं. आणि तीन वेगळ्या प्राण्यांनी एकसारखं खणलं तर एकच नाव. आधार कार्डवाल्यांना झेपणार नाही.

अजून एक. ओल्या चिखलात पाय उमटला तर खड्डा पडतो. त्यावर वाळू बसते, तिचा दगड होतो. मऊ चिखल नंतर झिजून जातो आणि वरच्या थराच्या खालच्या अंगाला पाय उठावात दिसतो. मोदकाचा साचा आणि मोदक. तेव्हा दगड उलटा करून बघायची सवय हवी. बरेच जण साचा शोधत बसतात आणि मोदकावर पाय ठेवून उभे असतात.

फसवाफसवी इथेही आहे. मध्य प्रदेशातल्या चुऱ्हटच्या वालुकाश्मातल्या वळवळत्या रेघा १९९८ साली किड्यांचे माग म्हणून 'सायन्स' या शोधपत्रिकेत छापून आल्या, वय १०० कोटींच्या वर. नंतर त्या खडकाचं वय मोजलं तर ते १६० कोटींच्या आसपास आलं. त्या काळी किडा म्हणजे जवळजवळ अशक्यच. आता बरेच जण त्या रेघा किड्यांच्या मानत नाहीत, चिखल आकसून पडलेल्या भेगा असाव्यात असं म्हणणारेही आहेत. वाद पूर्ण मिटलेला नाही.

नीलाक्ष
भुजकर, स्वतंत्र लेख लिहा यावर. वाचनखूण साठवली.

टग्या_सातारकर
सिरियस प्रतिसाद देतो एकदाच. हाडाचा जीवाश्म ओळखायचा सोपा उपाय : जिभेचं टोक लावायचं. हाडातल्या बारीक भोकांमुळे जीभ चिकटते, साध्या दगडाला चिकटत नाही. खरंच करतात, कातळवेडींना विचारा. सोनचाफा, तो वाळवणाचा दगड चाटून बघा.

कातळवेडी
करतात हे खरं आहे. पण मी कुणाला करायला सांगत नाही.

सोनचाफा
उशीर झाला. चाटला. चिकटली नाही. चव खारट, बहुतेक पापडखाराची.

चंद्रपूरकर
थांबा थांबा. दोन पानं झाली, फोटो ३ बद्दल कोणी बोललंच नाही ना जी! सारे त्या फरशीतच अडकले. सोनचाफाताई, बाकी तीन दगड तुमच्या गच्चीवरचे काळे साधे आहेत, हा चौथा सोलापुराकडला दिसत नाही. कुठून आला घरात?

सोनचाफा
आईला माहीत नाही. तिच्या लग्नाच्या आधीपासून आहे म्हणे. पुण्याच्या आत्याला फोन करते.

सोनचाफा
आत्याशी बोलले, पाऊण तास. त्यातली दगडाची तीन मिनिटं अशी : आजोबा रेल्वेत होते, सोलापूरला यायच्या आधी काही वर्षं वरोऱ्याला. तिथून जवळच्या कुठल्याशा खेड्यात ओळखीच्यांच्या शेतावर हुरड्याला गेले होते, तिथून आणला. आत्या म्हणाली, "शेतात असे पुष्कळ पडलेले होते, बटाटे काढून ठेवल्यासारखे. आम्ही पोरं एकमेकांना मारत होतो." गावाचं नाव 'पिस' का काहीतरी.

चंद्रपूरकर
पिसदुरा! मला वाटलंच होतं.

वरोऱ्याजवळचं गाव आहे, जिल्हा चंद्रपूर. तिथे लाव्ह्याच्या आधीची लाल माती आहे, लॅमेटा म्हणतात तो थर. नागपूरचे ते हिस्लॉप पाद्री, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, त्यांच्या काळापासून तिथली हाडं माहीत आहेत. टायटनोसॉर जातीच्या लांब मानेच्या डायनासोरांची. पण पिसदुरा गाजलं ते हाडांसाठी नाही. कातळवेडी, तुम्हीच सांगा. ताईंनी आत्ताच चाटला तो, माझ्याच्यानं सांगवत नाही.

कातळवेडी
सोनचाफा, बसून वाचा.

पिसदुऱ्याच्या शेतांत नांगरताना लांबट, करकोचे पडलेले, निमुळत्या टोकाचे गोळे वर येतात. त्यांना कोप्रोलाइट म्हणतात. म्हणजे विष्ठेचा जीवाश्म. १९३९ साली मॅटली या भूशास्त्रज्ञाने त्यांच्यावर निबंध लिहिला, आकारांप्रमाणे प्रकार पाडले. मग २००५ मध्ये तिथले गोळे फोडून आत पाहिलं तर गवताच्या पानांत तयार होणारे गारगोटीचे सूक्ष्म कण सापडले, भाताच्या कुळाशी जवळीक असलेल्या गवताचेही. तोवर डायनासोरांच्या काळात गवत असल्याचा असा पुरावा नव्हता. डायनासोर गवत खात होते हे जगाला या शेणाने सांगितलं.

तुमचा दगड नक्की तोच का? फोटोवरून छातीठोक सांगणार नाही. मातीत खनिजाचे गोळेही असे धरतात. पण करकोचा, निमुळतं टोक, वजन आणि आत्याची साक्ष सगळं जुळतंय. कोणत्या प्राण्याचं, यावरही एकमत नाही, सगळेच गोळे टायटनोसॉरचे नसावेत.

टग्या_सातारकर
मी या धाग्यावरून राजीनामा देतो.

नाही, थांबा. तोंड धुवून आलीस का?

सोनचाफा
दोनदा.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आपण इतकी वर्षं..." आणि पुढे काही बोलली नाही. कुरडयांचा डबा मात्र तीनदा उघडून बघितला.

सुगरणबाई
काही होत नाही गं. सहा-सात कोटी वर्षं झाली, केव्हाच दगड झालाय. आणि साडीच्या कोपऱ्यावर होता, कुरडईला लागला नाही. शेणाने सारवलेल्या अंगणात वाळवणं घातलीच की आपल्या आज्यांनी.

थेम्सकाठचा_कावळा
सोनचाफा, अगदी मोठ्या माणसांच्या पंगतीत आहात तुम्ही. इंग्लंडात लाइम रेजिस नावाचं गाव आहे, समुद्रकाठी कडे कोसळतात आणि जीवाश्म बाहेर पडतात. जीवाश्म शोधणारी मेरी ॲनिंग तिथलीच. तिला हे असे गोळे इक्थिओसॉर या समुद्री सरीसृपाच्या सांगाड्यात पोटाच्या जागी सापडायचे, आणि फोडले की आत माशांची हाडं-खवले. विल्यम बकलंड या भूशास्त्रज्ञाने १८२९ साली त्यांना कोप्रोलाइट हे नाव दिलं. त्या गृहस्थाने या गोळ्यांच्या चकत्या कापून पॉलिश करून टेबलावर जडवल्या होत्या. ते टेबल तिथल्या म्युझियममध्ये आहे. मी पाहिलंय, देखणं आहे, कळेपर्यंत.

बापू_नगरकर
म्हणजे फरशीतलं दिसायला पान ते पान नाही, आणि दिसायला बटाटा तो... धन्य आहे.

सोनचाफा
आता करू काय याचं? ठेवू, देऊ, की वाळवणावर परत?

चंद्रपूरकर
नागपूर विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात नाहीतर नागपूरच्या जीएसआयच्या (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) कार्यालयात दाखवा. जाण्याआधी आत्याकडून शेताचं, वर्षाचं जेवढं आठवतं तेवढं लिहून घ्या, तारखेसकट. जागा माहीत नसली की दगडाची निम्मी किंमत जाते, आणि आत्याचं वय वाढतंय. घासू नका, ॲसिड नको, वार्निश तर बिलकुलच नको. आणि याच्यापायी हौसेनं कोणी पिसदुऱ्याच्या शेतात पोतं घेऊन जाऊ नका बाप्पा, लोकांची उभी पिकं असतात.

सोनचाफा
आत्याला परत फोन केला. तिने स्वतःहून वहीत लिहून फोटो पाठवला : गाव, शेतमालकांचं आडनाव, आणि "मी चौथीत होते". दिवाळीत नागपूरला नणंदेकडे जायचंच आहे, तेव्हा नेते. दगड सध्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळून माझ्या बॅगेत. गच्चीवरच्या चौथ्या कोपऱ्यावर आईने खलबत्ता ठेवलाय.

फरशी तिथेच राहू देणार. घर घेणाऱ्यांच्या मुलीला दाखवली, सातवीत आहे. म्हणाली, "हे झाड चिरेतून का आलंय?"

कातळवेडी
तिला या धाग्याची लिंक द्या.

गोदातीर_१९७१
उशिरा आलो. माझ्याकडेही एक आहे, फोटो जोडतो. गोल, गुळगुळीत, मधोमध पांढरी रेघ. डायनासोरचं अंडं असेल का?

चंद्रपूरकर
कुठे सापडला?